फोनवरची नोकरी : शोधायची कशी, पारखायची कशी

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

मी नागपूरच्या रामदासपेठेतून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून माझं काम चालतं आणि त्या निमित्ताने सावनेर, कळमेश्वर, उमरेड, मौदा या बाजूच्या गटांच्या बैठकांना मी जात असते. कर्ज आणि हप्ता यांच्या खालोखाल आता बैठकीत कुठला विषय निघत असेल, तर तो नोकरीचा. "ताई, पोरगी बारावी झाली, फोनवर रोज जाहिराती येते, खऱ्या असते का?" "ताई, मले शहरात काम पायजे, पण इचारू कोनाले?" असे प्रश्न येतात. म्हणून आज त्यावरच बोलू या.

दोन गोष्टी सांगणार आहे. फोनवर नोकरी शोधायची कशी ही पहिली, आणि समोर आलेली नोकरी खरी की खोटी हे पारखायचं कसं ही दुसरी. दुसरीकडे जास्त लक्ष द्या. पहिल्या गोष्टीत कमी पडलो तर नोकरी लागायला उशीर होतो. दुसऱ्या गोष्टीत कमी पडलो तर घरातले पैसे जातात, आणि कधीकधी गटाचेसुद्धा.

आपल्या आईवडिलांच्या काळी दहावी-बारावी झाली की एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालायची पद्धत होती. कार्ड मिळायचं, ते ठरावीक मुदतीत नूतनीकरण करायला तालुक्याहून नागपूरला यावं लागायचं. १९५९ साली त्यासाठी कायदाच झाला होता, की मालकांनी आपल्याकडच्या रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवायच्या. बाकी नोकऱ्या वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत किंवा दुकानाच्या दारावर 'पाहिजेत' अशी पाटी लावून भरल्या जायच्या. आमच्या रामदासपेठेत दवाखाने खूप, रुग्णालयं खूप, पॅथॉलॉजी लॅब, औषधांची दुकानं, ऑफिसं खूप. इथे रिसेप्शनला, हिशेबाला, रुग्णांची देखभाल करायला, साफसफाईला, स्वयंपाकघरात माणसं लागतातच. पाट्या आजही दिसतात, पण त्याच जागा आता फोनवरसुद्धा टाकल्या जातात. म्हणजे उमरेडच्या बाईला रामदासपेठेतली पाटी घरबसल्या वाचता येते. फायदा आहे तो एवढा, आणि तो लहान नाही.

ही संकेतस्थळं दोन प्रकारची. एक सरकारी. केंद्र सरकारचं 'नॅशनल करिअर सर्व्हिस' नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. त्याचा मदत क्रमांक १५१४. आपल्या राज्याचं आहे 'महास्वयंम'. कौशल्य विकास विभाग ते चालवतो. जुनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणजेच आताचं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. ते प्रत्येक जिल्ह्यात आहे, नागपुरातही आहे. महास्वयंमवर नोंदणी असली की जिल्ह्यात होणाऱ्या पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळाव्यांना अर्ज करता येतो. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची नोंदणीही याच महास्वयंमवर ठेवली होती. तेव्हा घरात १८ ते ३५ वयाची मुलगी असेल तर तिचं नाव इथे असलंच पाहिजे. महास्वयंमचा टोल फ्री क्रमांक १८००-१२०-८०४०.

दुसरी खासगी. 'नोकरी डॉट कॉम' हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते १९९७ पासून आहे. 'इंडीड' आहे, 'लिंक्डइन' आहे. शिकलेल्या, ऑफिसची नोकरी शोधणाऱ्या मुलींना ही उपयोगी. दहावी-बारावी झालेल्यांसाठी, दुकान, डिलिव्हरी, टेलिकॉलिंग, पॅकिंग, हाउसकीपिंग अशा कामांसाठी 'अपना', 'वर्कइंडिया' अशी अ‍ॅप आहेत. 'अपना' २०१९ साली सुरू झालं.

आता बाया विचारतात, "हे फुकट कसं देते? त्याह्यले काय मिळते?" प्रश्न अगदी बरोबर आहे. ही संकेतस्थळं मुख्यतः मालकांकडून पैसे घेतात. जाहिरात टाकायचे पैसे आणि उमेदवारांची यादी बघायचे पैसे. ज्याला माणूस हवा आहे, तो खर्च करतो. काही ठिकाणी उमेदवारालाही पैसे भरून जास्तीच्या सोयी विकतात, बायोडाटा सजवून देणं वगैरे. त्यांची आपल्याला गरज नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नोकरीच्या बाजारात पैसा कुठून कुठे जातो हे कळलं, की फसवणूक ओळखणं सोपं जातं. पुढे याकडे परत येऊ.

आता तयारी. सगळ्यात आधी स्वतःचा फोन नंबर. तुम्ही म्हणाल, हे काय सांगायची गोष्ट झाली? पण बऱ्याच घरांत फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, आणि अर्जात तोच नंबर जातो. मग दुपारी दोन वाजता ऑफिसातून फोन येतो, नवरा शेतात असतो, तो म्हणतो, "राँग नंबर." त्या ऑफिसातला माणूस पुढच्या नावाकडे वळतो. नोकरीचा फोन बहुतेक वेळा एकदाच येतो. तेव्हा स्वतःच्या नावाचं सिम घ्या, साधा फोन असला तरी चालेल, आणि तो नंबर सारखा बदलू नका. अर्ज शेजारणीच्या स्मार्टफोनवरून भरला तरी नंबर आपला द्या. ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि तो आपल्यालाच दिसला पाहिजे.

त्यानंतर नावाची भानगड. माहेरचं नाव मार्कशीटवर, सासरचं नाव आधारवर, बँकेच्या पासबुकात तिसरंच काहीतरी. लग्न झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईचा हा प्रश्न आहे. अर्जात नाव आधारप्रमाणे लिहा, कारण पुढे पगाराचं खातं, भविष्य निर्वाह निधी सगळं आधारवरच जुळतं. मार्कशीटवर वेगळं नाव असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करून करून घ्या. हा कागद एकदा काढला की जन्मभर उपयोगी पडतो.

मग येतो बायोडाटा. इथे बाया अडतात. "अनुभव" असं लिहिलेलं दिसलं की म्हणतात, "मले काय येते? मी त घरीच रायते." मी त्यांना विचारते, गटाचं रोकड पुस्तक कोण लिहितं? तूच ना? किती वर्षं? सहा वर्षं. बँकेत पैसे भरायला, काढायला कोण जातं? कर्जाचा प्रस्ताव कोणी भरला? महिन्याच्या बैठकीचं इतिवृत्त कोणाच्या अक्षरात आहे? हा सगळा अनुभव आहे. त्याला नाव देऊन लिहायचं. "स्वयंसहायता गटाची सचिव, २०१८ पासून. रोकड पुस्तक, सभासद खातेवही, बँक व्यवहार, कर्ज परतफेडीचा हिशेब." ज्या ताई उमेदच्या गटांत समुदाय संसाधन व्यक्ती किंवा बँक सखी म्हणून काम करतात, माविमच्या गटांत सहयोगिनी आहेत, शाळेत पोषण आहार शिजवतात, त्यांनी ते तसंच लिहावं. पन्नास मुलांचा स्वयंपाक वेळेवर करणारी बाई रुग्णालयाच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अननुभवी कशी?

मात्र एक पथ्य पाळा. जे केलं तेवढंच लिहा. मधली वर्षं मुलांमुळे घरी होते, असं विचारलं तर सरळ सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. टॅली येत नसेल तर येतं म्हणू नका, कारण पहिल्याच दिवशी कळतं. बायोडाटा एका पानाचा पुरे. जात, धर्म, वजन, नवऱ्याचा धंदा हे त्यात घालायची गरज नाही. गावाचं आणि तालुक्याचं नाव पुरेसं आहे, घराचा पूर्ण पत्ता नोकरी पक्की झाल्यावर द्या.

आता शोधणं. ही संकेतस्थळं शब्द जुळवून काम करतात. आपल्या बोलीत त्या कामाला जे म्हणतात तो शब्द जाहिरातीत नसतो. आपण म्हणतो आया, तिथे 'पेशंट केअर अटेंडंट' किंवा 'जीडीए' लिहिलेलं असतं. साफसफाईला 'हाउसकीपिंग'. चिठ्ठी फाडणाऱ्या, नाव लिहून घेणाऱ्या मुलीला 'रिसेप्शनिस्ट' किंवा 'फ्रंट ऑफिस'. कॉम्प्युटरवर नोंदी करण्याला 'बॅक ऑफिस'. एकाच कामाची दोन-तीन नावं टाकून बघा. आपल्या प्रोफाइलमध्येही ही नावं लिहा, म्हणजे मालक शोधेल तेव्हा आपलं नाव वर येईल. आणि आठवड्यातून एकदा तरी प्रोफाइल उघडा. जो उमेदवार चालू आहे असं दिसतं, त्याला ही अ‍ॅप वर दाखवतात. सहा महिन्यांपूर्वी नाव घालून ठेवलं आणि विसरलो, तर आपण यादीच्या तळाला जातो.

जाहिरात कधीची आहे ते बघा. जागा भरली तरी जाहिरात तशीच राहिलेली असते. महिनाभर जुन्या जाहिरातीवर वेळ घालवू नका. आणि "ठिकाण : नागपूर" एवढ्यावर जाऊ नका. बुटीबोरीची औद्योगिक वसाहत शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, हिंगण्याची वेगळ्या बाजूला, कळमेश्वरची तिसऱ्या बाजूला, मिहान वर्धा रोडवर. मौद्याच्या बाईला बुटीबोरी म्हणजे दोन गाड्या बदलायच्या. उलट बुटीबोरीच्या आसपासच्या गावातल्या बाईला तीच नोकरी दाराशी. अर्ज करण्याआधी शेवटची एसटी किती वाजता आहे हे बघा, आणि शिफ्ट किती वाजता सुटते हे विचारा. रात्रीची शिफ्ट असेल तर घरी सोडायची गाडी आहे का, हे विचारायला लाजू नका. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, ते हिशेबात धरा.

हिशेबाचं निघालं म्हणून पगाराचंही बोलू. समजा जाहिरातीत महिना १२,००० लिहिलं आहे. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १०,००० असेल, तर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के, म्हणजे १,२०० रुपये कापले जातात. राज्य कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, आपला वाटा पाऊण टक्का, म्हणजे १२,००० वर ९० रुपये. हातात आले १०,७१०. व्यवसाय कर कापला तर विचारा, कारण महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या बाईला तो नाही. आता रोजचे येण्याजाण्याचे ४० रुपये धरले तर २६ दिवसांचे १,०४० झाले. उरले ९,६७०. लहान मूल कोणाकडे ठेवायचं आणि त्याला काही द्यावं लागणार का, तेही वजा करा. मग गावात शिवणकाम करून किती मिळतं त्याच्याशी ताडून बघा. कोणाला नोकरी परवडेल, कोणाला नाही. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात.

पण जे १,२०० आणि ९० कापले जातात त्यांना तोटा समजू नका. निधीत मालकही आपल्या नावाने तेवढीच रक्कम भरतो. ईएसआयमध्ये मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि त्यातून घरच्यांचा औषधोपचार होतो. ठरावीक दिवस हप्ते भरलेले असले तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांचे पैसे मिळतात. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना हा विमा आहे. दोन महिने झाले की उमंग अ‍ॅपवर आपलं निधीचं पासबुक उघडून बघा. पगारातून कापले आणि तिथे जमा नाही, असं असेल तर लगेच विचारा. आणि मालकाने 'सीटीसी' असा शब्द वापरला तर लक्षात ठेवा, त्यात मालकाचा वाटाही धरलेला असतो. नेहमी एकच प्रश्न विचारायचा, "हातात किती येईल?"

आता दुसरा भाग, पारख.

आमच्या एका गटातली गोष्ट सांगते. गाव आणि नाव सांगत नाही. एका ताईंनी अंतर्गत कर्ज घेतलं, ३,५०० रुपये. कारण लिहिलं, मुलीची नोकरी. मुलीला घरबसल्या टायपिंगचं काम मिळणार होतं, नोंदणीचे आणि सॉफ्टवेअरचे पैसे आधी भरायचे होते. पैसे भरले. मग आणखी दीड हजार मागितले, तेही कुठूनतरी उसने आणून भरले. मग फोन लागेना. पैसे तर गेलेच. पण त्यानंतर त्या ताई बैठकीला यायच्या बंद झाल्या. हप्ता थकला म्हणून नव्हे, लोक हसतील म्हणून. दोन महिन्यांनी अध्यक्षबाई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा सगळं बाहेर आलं. गटाने व्याज माफ केलं नाही, नियम सगळ्यांना सारखा. पण हप्ता लहान केला, मुदत वाढवली, आणि त्या ताईंना बैठकीत बसवून हा प्रकार सगळ्यांना सांगायला लावला. ते पैसे अजून परत आलेले नाहीत. पण त्याच महिन्यात त्या गटातल्या दुसऱ्या घरी तसाच फोन आला, आणि तिथे एक रुपयाही गेला नाही.

आता मघाची गोष्ट आठवा. खऱ्या नोकरीत पैसा मालकाकडून आपल्याकडे येतो. ज्या क्षणी पैसा आपल्याकडून तिकडे जायला लागला, त्या क्षणी थांबायचं. नाव कुठलंही देऊ दे. नोंदणी फी, अर्ज फी, गणवेशाचे पैसे, ओळखपत्राचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपची अनामत, पोलीस पडताळणीचा खर्च, "पहिल्या पगारात परत मिळतील" असं सांगून मागितलेले. सगळ्यांचं उत्तर एकच, नाही.

एक अपवाद सांगते, नाहीतर गोंधळ होईल. सरकारी भरतीत परीक्षा शुल्क असतं. ते त्या भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचं आणि पावती घ्यायची. कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा फोन नंबरवर ते कधीही पाठवायचं नसतं. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. शेवट म्हणजे पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग. 'जीओव्ही' हा शब्द पत्त्याच्या मध्येच कुठेतरी घालून पुढे 'डॉट कॉम' किंवा आणखी काही लिहिलेलं असेल, तर ते सरकारी नाही.

फसवणुकीच्या नेहमीच्या तऱ्हा आहेत, त्या कानावर असू द्या. घरी बसून पेन किंवा पेन्सिल पॅकिंग, महिना पंचवीस-तीस हजार, ही एक. विचार करा, कारखान्यात यंत्र मिनिटात जे पॅक करतं, त्यासाठी कोणी आपल्या घरी माल पाठवून एवढा पैसा का देईल? दुसरी तऱ्हा, व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला चांगला शेरा द्या, प्रत्येकाचे पन्नास रुपये. पहिले दोन दिवस खरोखर पैसे येतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात, मोठं काम करायचं तर आधी हजार भरा, मग पाच हजार भरा, मग अडकलेले सोडवायला वीस हजार. पहिल्या दिवशीचे दीडशे रुपये म्हणजे गळाला लावलेली कणीक. तिसरी तऱ्हा टायपिंगची. इतकी पानं इतक्या दिवसांत टाइप करा म्हणतात, मग चुका काढतात, करार मोडला म्हणून दंड मागतात, वकिलाची नोटीस, पोलीस, कोर्ट अशी भीती घालतात. मुली घाबरून भरतात. अशा धमकीला पैसे द्यायचे नाहीत, ती नोटीस घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जायचं. चौथी, परदेशातल्या नोकरीची. परदेशी पाठवणाऱ्या एजंटला भारत सरकारचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं. तिथे नाव नाही, तर बोलणंच नाही. टुरिस्ट व्हिसावर नेऊन तिथे नोकरी लावतो म्हणाला, तरीही नाही.

कोणी "मी अमक्या संकेतस्थळातून बोलतोय" म्हणाला, म्हणून तो तिथलाच असतो असं नाही. कंपनीचं नाव विचारा, तिचा ऑफिसचा नंबर स्वतः शोधा, आणि त्या नंबरवर फोन करून विचारा की अशी जागा आहे का. रामदासपेठेतल्या रुग्णालयाच्या नावाने फोन आला, तर पुढच्या वेळी बर्डीला बाजाराला याल तेव्हा दोन पावलं पुढे येऊन रिसेप्शनला विचारा. मुलाखत न घेता, काम काय ते न सांगता, पाच मिनिटांत नोकरी पक्की झाल्याचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, तर ते पत्र कितीही रंगीत असो, खरं नसतं.

कागदपत्रांचीही काळजी घ्या. आपल्या कागदांवर दुसऱ्यानेच कर्ज काढल्याच्या तक्रारी होतात. पहिल्या फोनवर आधार, पॅन, पासबुकाचा फोटो पाठवायचा नाही. द्यावंच लागलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख घालून "फक्त अमुक ठिकाणी नोकरीच्या अर्जासाठी" असं आडवं लिहा. मूळ मार्कशीट कोणाकडे जमा ठेवू नका. ओटीपी सांगायचा नाही. आणि हे तर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा : पैसे मिळवायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

एवढं करूनही कोणाचे पैसे गेले, तर रडत बसू नका, १९३० ला फोन करा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या दिवशी मुलगा शहरातून आल्यावर करू, असं म्हणू नका. पैसे गेल्याचा मेसेज, व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा नंबर, बोलण्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, काही पुसू नका. मग जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

खरी मुलाखत ठरली तर काय करायचं? दिवसा जा. पत्ता आधी नकाशावर बघा. लॉजवर, कोणाच्या खोलीवर बोलावलं तर जाऊ नका. पहिल्या वेळी सोबत कोणीतरी असू द्या, ती बाहेर बसेल. घरात आणि गटात पत्ता आणि वेळ सांगून निघा. काम किती तास, सुटी कोणती, पगार कोणत्या तारखेला, खात्यात की हातात, हे चार प्रश्न विचाराच. जमलं तर लेखी मागा. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात, तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, घरकाम करणाऱ्या बाईलाही तिच्याकडे जाता येतं. अडचणीच्या वेळी महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर पाठ असू द्या.

आता खरं सांगायचं तर संकेतस्थळावर नाव घातलं म्हणजे नोकरी लागली असं होत नाही. बऱ्याच अर्जांना उत्तरच येत नाही. चाळिशीच्या बाईला काही ठिकाणी वय बघूनच बाजूला ठेवतात, हे मी बघते आहे. त्यात तुमचा कमीपणा नाही. ओळखीतून, गटातून, मेळाव्यातून शोधणंही चालूच ठेवा. फोन हा आणखी एक रस्ता आहे, आणि तो घरातून निघतो, म्हणून सोडू नका.

शेवटी गटांना एक विनंती. हे एकट्या बाईने करण्यापेक्षा गटाने करावं. पुढच्या बैठकीत चार ठराव घ्या. पहिला, दर बैठकीत दहा मिनिटं नोकरीच्या जाहिराती वाचायच्या. ज्या घरातली मुलगी शिकलेली आहे तिला बोलवा, तिने फोनवर वाचून दाखवायच्या, आणि खरी-खोटी सगळ्यांनी मिळून ठरवायची. दुसरा, नोकरीसाठी नोंदणी फी, अनामत या कारणाने गट कर्ज देणार नाही. मुलाखतीला जायच्या भाड्याला, कागदपत्रं काढायला, टायपिंगच्या कोर्सला द्यायचं. एखादीने फीसाठी कर्ज मागितलं की तिथेच सगळ्यांना कळेल, काय चाललं आहे. तिसरा, मुलाखतीला जाणारी बाई पत्ता गटाला सांगून जाईल आणि पोचल्यावर फोन करेल. चौथा, कोणाची फसवणूक झाली तर तिला गटात कोणी हसणार नाही. हा चौथा ठराव सगळ्यात आधी घ्या, कारण फसवणाऱ्याचा अर्धा धंदा आपल्या लाजेवर चालतो.

इतिवृत्ताच्या वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर लिहून ठेवा. सायबर फसवणूक १९३०. महिला मदत १८१. पोलीस ११२. नॅशनल करिअर सर्व्हिस १५१४. महास्वयंम १८००-१२०-८०४०. लिहून झालं की शेजारच्या गटालाही द्या.

तुमच्या गटात कोणाला अशी नोकरी लागली असेल, किंवा कोणी फसता फसता वाचलं असेल, तर या कार्यक्रमाला जरूर कळवा. एकीचं ऐकून दहा जणी शहाण्या होतात.